किल्ली कोणाच्या हाती?

देवळाच्या पत्रिकेत दारूचा आणि मोटारीचा विषय कशासाठी, असे काही वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल. सण, व्रते, संतचरित्रे आणि उत्सवांचे जमाखर्च यांसाठी ही पाने राखलेली असतात, हे खरे. परंतु ज्या घरांतून ही पत्रिका वाचली जाते त्याच घरांच्या दारांशी आज दुचाक्या आणि मोटारी उभ्या असतात. आणि त्यांच्या किल्ल्या पुष्कळदा अशा हातांत असतात, की ज्यांस त्या धरण्याचा अधिकार अद्याप आलेला नाही. त्याच हातांत मित्रांच्या आग्रहाने मद्याचा पेला आला, तर काय अनर्थ ओढवतो, याचा शांतपणे विचार करणे हा आजच्या पाठाचा हेतू आहे.

आमच्या घरी पिढीजात पौरोहित्य आहे. दसऱ्यास, पाडव्यास, किंवा नवे वाहन घरी आले म्हणजे, यजमान ते देवळापुढे आणतात. हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ वाढवितात. कित्येकदा असे दिसते की गाडी चालवीत आणणारा मुलगा दहावी-अकरावीतला असतो आणि वडील मागे बसून कौतुकाने हसत असतात. आमच्या वडिलांचा परिपाठ असा, की संकल्प सांगण्यापूर्वी ते एकच प्रश्न विचारतात : “परवाना कोणाच्या नावाचा?” काही यजमानांस हा प्रश्न रुचत नाही. वस्तुतः पूजेतील मंत्रांइतकाच तो प्रश्न महत्त्वाचा आहे. लिंबू चाकाखाली चिरडले गेले म्हणून चालविणाऱ्याचे वय वाढत नाही, आणि देवापुढे मागितलेले रक्षण आपण स्वतः मोडून टाकावयाचे, ही कोठली भक्ती?

१. पुण्याची घटना

प्रथम एक घडलेली गोष्ट पाहू. १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास पुण्यातील कल्याणीनगर भागात एक भरधाव परदेशी मोटार एका मोटारसायकलीवर मागून आदळली. मोटारसायकलीवर एक तरुण आणि एक तरुणी होती. दोघेही विशीतले, दोघेही संगणक-अभियंते. दोघेही प्राणास मुकले. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. मोटारीची कायम नोंदणी झालेली नव्हती. बारावीच्या निकालानंतर मित्रांसह तो रात्री मद्यगृहांतून बसला होता, असे पोलिसांनी सांगितले.

मृत झालेली ही दोन्ही मुले आमच्या मध्य प्रदेशातील होती. एक जबलपूरची, दुसरा उमरिया जिल्ह्यातला. माळव्यातील आमच्या मराठी घरांतून दरवर्षी कितीतरी मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्यास जातात. रात्री फोन आला नाही तर आईचा जीव कसा टांगणीला लागतो, हे या घरांस सांगावयास नको. म्हणून ती बातमी येथे परगावची वाटली नाही.

पुढे जे घडले तेही अभ्यासण्यासारखे आहे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलास जामीन दिला. जामिनाच्या अटींत रस्त्यावरील अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, अशी एक अट होती. देशभर संताप उसळला. तीन दिवसांनी, २२ मे रोजी, मुलास निरीक्षणगृहात पाठविण्यात आले. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कोठडी बेकायदेशीर ठरवून त्याची सुटका केली. मधल्या काळात, मुलाच्या रक्ताचा नमुना बदलण्यात आला, असा आरोप पुढे आला आणि सरकारी रुग्णालयातील दोन डॉक्टर व एक कर्मचारी यांस अटक झाली. मुलाचे वडील आणि आई यांस अटक झाली. घरच्या नोकर-चालकाने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून त्यास डांबून ठेवल्याच्या आरोपावरून आजोबांस अटक झाली. मद्य देणाऱ्या जागांचे मालक व व्यवस्थापकही अटकेत गेले. जुलै २०२५ मध्ये, मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने फेटाळली.

कोणते आरोप खरे आणि कोणते खोटे, हा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. ते आम्ही आमच्याकडे घेत नाही. आम्हास दिसते ते इतकेच. एका रात्रीत दोन तरुण जीव गेले आणि एकाच घरातील तीन पिढ्या तुरुंगाच्या दाराशी उभ्या राहिल्या. लोक निबंधाच्या अटीवर पुष्कळ बोलले, आणि ते स्वाभाविक होते. परंतु खरा प्रश्न निबंधाच्या फार आधीचा आहे. किल्ली कोणी दिली? पैसे कोणी दिले? वय न विचारता पेला कोणी भरला? आणि मित्र म्हणविणारे त्या मोटारीत कसे बसले? या चार ठिकाणी चार माणसांपैकी कोणीही “नाही” म्हणाले असते, तर ती पहाट इतर कोणत्याही पहाटेसारखी उगवली असती.

ही घटना गाजली म्हणून ठाऊक झाली. न गाजलेल्या घटनांची गणती वेगळीच आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. त्यांतील शंभरांमागे सत्तरांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले, असे तोच अहवाल सांगतो. एखाद्या मध्यम गावातील सर्व वस्ती दरवर्षी पुसली जावी, तसा हा प्रकार आहे.

२. मद्य शरीरात काय करते

“थोडीशी घेतली तर काय होते?” हा प्रश्न तरुण मंडळी हसत विचारतात. त्याचे उत्तर हसण्यासारखे नाही.

पोटात गेलेले मद्य अन्नाप्रमाणे पचण्याची वाट पाहत नाही. ते मुख्यतः लहान आतड्यातून थेट रक्तात शिरते आणि काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोचते. मेंदूच्या पुढच्या भागावर, जेथे विवेक, संयम आणि परिणामांचा विचार यांचे स्थान आहे, त्याचा अंमल लवकर बसतो. म्हणजे घेणाऱ्याचे पाय लटपटण्यापूर्वीच त्याची विचारशक्ती लटपटते. “मी अगदी ठीक आहे” असे म्हणणाऱ्या माणसाजवळ स्वतःची परीक्षा करण्याचे जे साधन, तेच प्रथम बिघडलेले असते. चोरानेच पहारेकऱ्यास झोपविले, तर हाक कोणी मारावी?

तरुणांच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. विवेकाचा हा मेंदूचा भाग विशी उलटून पंचविशीच्या सुमारास पूर्ण पक्व होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे हात बळकट असतात, डोळे तीक्ष्ण असतात, पण थांबण्याची शक्ती अजून घडत असते. शिवाय वाहन चालविण्याचा अनुभव नाही, आणि बरोबर वाहवा करणारे मित्र आहेत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने सामान्य चालकासाठी रक्तातील मद्याची जी मर्यादा सुचविली आहे, तीहून तरुण व नवशिक्या चालकासाठी पुष्कळ कमी मर्यादा सुचविली आहे. सामान्य चालकास १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तर तरुणास केवळ २०.

आता थोडे माप पाहू. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की-रमसारख्या मद्यांत साधारणतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. यकृत तो तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या गतीने काढून टाकते. पुष्कळांची समजूत असते की बिअर म्हणजे सौम्य पेय. परंतु आठ टक्क्यांच्या, ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे ती एक बाटली चार पेगांइतकी झाली. रात्री अकरास ती संपविणाऱ्याचे शरीर पहाटे तीनपूर्वी मोकळे होत नाही. कित्येकांचे पाचपर्यंतही होत नाही. कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप उडेल, पण रक्तातले मद्य उडत नाही. यकृतास घाई करावयास लावणारे औषध कोणत्याही घरगुती बटव्यात नाही.

३. वेगाचे गणित

आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले आहे. तरीही पुढील गणित करण्यास तेवढे पुरते. तासाला ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पुढे एखादे मूल धावत आले, तर ते डोळ्यांस दिसणे, मेंदूस कळणे आणि पायाने ब्रेक दाबणे, यांस शुद्धीवरच्या माणसासही एखादा सेकंद लागतो. मद्याने हा काळ अर्ध्या सेकंदाने जरी वाढला, तरी वाहन आणखी आठ मीटर पुढे जाते. आठ मीटर म्हणजे दोन मोटारींच्या लांबीइतके अंतर. मूल वाचणे आणि न वाचणे यांतला फरक बहुधा याहून कमी असतो.

दुसरी गोष्ट धडकेच्या जोराची. वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट वेगास ती नऊपट होते. ताशी ४० चा वेग १२० वर नेणारा मुलगा आपण तिप्पट मजा करीत आहोत असे समजतो. प्रत्यक्षात तो नऊपट संहार हाती घेऊन निघालेला असतो. त्यात मद्याने कडेचे दिसणे कमी होते, समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे अधिक काळ दिपतात, आणि एकाच वेळी आरसा, रस्ता व चाक यांकडे लक्ष ठेवण्याची शक्ती मंदावते. रात्री मोकळ्या दिसणाऱ्या रस्त्यावर दूधवाला असतो, कामावरून परतणारी परिचारिका असते, पहाटेच्या काकड आरतीस निघालेली म्हातारी असते. रस्ता मोकळा आहे असे वाटणे आणि तो मोकळा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

४. कायदा काय सांगतो

कायद्याविषयी आपल्या समाजात अज्ञान फार आहे, म्हणून मुख्य कलमे येथे सोप्या भाषेत देतो.

(अ) मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४ : अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविता येत नाही. सोळा वर्षांनंतर केवळ ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालविण्याची मुभा आहे, तीही परवाना घेऊन. “गिअर नसलेली स्कूटर सोळाव्या वर्षी चालते” ही समजूत घरोघर आहे. पण आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोलच्या स्कूटरी १०० घनसेंटिमीटरच्या वरच्या असतात. त्यांस ही मुभा लागू नाही.

(आ) कलम १८५ : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सुमारे ६० किलो वजनाचा तरुण दोन पेगांतच ही मर्यादा ओलांडू शकतो. कलम १८८ प्रमाणे, अशा गुन्ह्यास चिथावणी देणाराही शिक्षेस पात्र होतो. “अरे, चल, काही होत नाही” हे शब्द म्हणजे निव्वळ थट्टा नव्हे.

(इ) कलम १९९-अ : हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने आले, आणि प्रत्येक आईबापाने ते पाठ करावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते. मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. “आम्हास ठाऊक नव्हते” किंवा “आम्ही पुरेशी काळजी घेतली होती” हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच पडतो.

(ई) मद्याचे वय : मध्य प्रदेशात मद्यासाठी एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात; महाराष्ट्रात कडक मद्यासाठी पंचवीस; गुजरातेत तर दारूबंदीच आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ प्रमाणे, वैद्याच्या आदेशाखेरीज अठरा वर्षांखालील मुलास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नाच्या वरातीत “आता मोठा झालास, घे एक घोट” म्हणणारे काका-मामा या कलमाबाहेर नाहीत.

(उ) विमा : परवाना नसलेल्याच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनीस पीडितांची भरपाई देण्याचा आदेश होऊनही ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये देतात. म्हणजे आयुष्यभराची पुंजी, प्रसंगी राहते घर, एका रात्रीच्या हौसेत जाऊ शकते.

अल्पवयीनांस कायदा प्रौढांप्रमाणे का वागवीत नाही, असा प्रश्न पुण्याच्या घटनेनंतर सर्वत्र विचारला गेला. मुलास सुधारण्याची संधी द्यावी, हे या कायद्यामागील तत्त्व आहे, आणि ते मुळात दयेचे आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास त्यास प्रौढाप्रमाणे न्यायालयात आणता येते. परंतु ज्या गुन्ह्यास किमान सात वर्षांची शिक्षा ठरलेली आहे तोच अतिगंभीर, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. ते प्रकरणही २०१६ साली दिल्लीत एका अल्पवयीनाने मोटारीखाली एका माणसाचा जीव घेतल्याचेच होते. कायदा बदलावा की नाही, यावर विद्वानांत दुमत आहे. आम्ही मात्र असे म्हणतो, की शिक्षेची मोजदाद होण्याची वेळ येते तेव्हा मेलेला मेलेलाच असतो. कायद्याचा हात अपघातानंतर पोचतो. घराचा हात अपघातापूर्वी पोचू शकतो.

५. पूर्वजांची दृष्टी

हा विचार नवा नाही. कठोपनिषदात देहास रथाची, बुद्धीस सारथ्याची, मनास लगामाची आणि इंद्रियांस घोड्यांची उपमा दिलेली आहे. सारथी सावध असेल तर घोडे वश राहतात. तो बेसावध असेल तर रथ मुक्कामी पोचत नाही. मद्य म्हणजे सारथ्यासच गुंगी देणे होय. उपनिषदाने उपमा म्हणून सांगितले ते आज रस्त्यावर शब्दशः घडत आहे.

व्यवहाराच्या बाजूने पाहता, मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचे नियम आले आहेत. सारथी निपुण असून त्याने हयगय केली तर दंड त्याला. परंतु सारथी अनाडी असेल आणि त्यामुळे हानी झाली, तर गाडीच्या मालकास दोनशे पण दंड, आणि अशा गाडीत बसणाऱ्या प्रत्येकासही शंभर पण दंड, असे तेथे म्हटले आहे. त्या ग्रंथातील सर्वच गोष्टी आज कोणी मानीत नाही, आणि मानूही नयेत. पण ही एक दृष्टी विचारात घेण्याजोगी आहे. अपात्र हातांत गाडी देणारा दोषी, आणि ते ठाऊक असून तीत बसणाराही दोषी. कलम १९९-अ मधील पहिले तत्त्व अशा रीतीने फार जुने आहे. दुसरे तत्त्व, बसणाऱ्याच्या दोषाचे, आजच्या मित्रमंडळींनी मनावर घ्यावे.

महाभारताच्या मौसलपर्वातील कथा सर्वांस ठाऊक आहे. यादवकुळातील तरुणांनी ऋषींची थट्टा केली, शाप मिळाला, मुसळ जन्मले. त्यानंतर द्वारकेत दवंडी पिटली गेली की कोणीही मद्य करू नये, करील त्यास कठोर शासन होईल. नियम झाला. परंतु तीर्थयात्रेच्या निमित्ताने सारे प्रभासक्षेत्री गेले, तेव्हा मद्य बरोबर नेले गेले, आणि ते पिण्यात थोर थोर वीरही होते. बोलण्यास बोलणे लागले, शस्त्र उपसले गेले, आणि समुद्रकाठच्या गवताने सारे कूळ बुडाले. या कथेतील मर्म आम्हास असे वाटते : थट्टा तरुणांनी केली, पण दवंडी मोडली ती वडीलधाऱ्यांनी. तरुणांस आवरण्याचा अधिकार त्याच क्षणी त्यांच्या हातून गेला.

१ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश सरकारने उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आदी धार्मिक नगरांत मद्यविक्री बंद केली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि क्षेत्राच्या सीमेवर दुकान बंद झाले आणि घराच्या कपाटात बाटली राहिली, तर प्रभासची कथा पुन्हा घडावयास वेळ लागणार नाही.

६. घराने काय करावे

उपदेश पुष्कळ झाला. आता करावयाच्या गोष्टी सांगतो.

पहिली. किल्ली खुंटीवर टांगू नये. ती वडीलधाऱ्यांच्या ताब्यात असावी. शिकवणी दूर आहे, वेळ वाचतो, सगळ्यांची मुले नेतात, ही कारणे ऐकावयास ठीक आहेत. सायकल, सिटीबस, किंवा चार घरांनी मिळून पाळीपाळीने मुलांस नेणे, हे मार्ग त्याहून ठीक आहेत. दुसऱ्याचे मूल चुकीचे करते हा आपल्या मुलाचा परवाना होत नाही.

दुसरी. मुले कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकतात. समारंभात दोन पेले घेऊन वडील स्वतः मोटार चालवीत घरी येत असतील, तर त्यांच्या शंभर व्याख्यानांचा उपयोग होणार नाही. घेऊच नये हे उत्तम. ज्यांस ते साधत नाही, त्यांनी निदान चाकास हात लावू नये.

तिसरी, आणि ही आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते. घरात एक करार असावा : “बाळ, तू कोठेही अडकलास, तू स्वतः घेतली असलीस किंवा गाडी चालविणाऱ्याने घेतली असली, तर रात्री कितीही वाजता फोन कर. आम्ही येऊ. त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. बोलणे सकाळी होईल.” पुष्कळ मुले बापाच्या रागास भिऊन मृत्यूच्या गाडीत बसतात. रागाची भीती मृत्यूच्या भीतीहून मोठी होऊ देऊ नये.

चौथी. मित्रांनी लाज सोडावी. किल्ली काढून घेणारा मित्र आठ दिवस वाईट वाटेल. न काढणारा जन्मभर स्वतःस वाईट वाटेल.

पाचवी. बारावीचे निकाल, गणपतीचे विसर्जन, गरब्याच्या रात्री, धुळवड आणि ३१ डिसेंबर हे दिवस मंडळांनी व घरांनी आधीच ध्यानात ठेवावे. कोण कोणास घेऊन येईल हे दिवसाउजेडी ठरवावे.

सहावी. दुर्दैवाने अपघात झालाच, तर पळू नये. थांबावे, ११२ वर कळवावे, जखमीस रुग्णालयात पोचवावे. हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. वाटेने जाणाऱ्यांनीही भिऊ नये. मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून कायद्यात कलम १३४-अ घातले गेले आहे. आणि आईबापांनी कितीही माया असली तरी खोटे उभे करू नये. नमुना बदलणे, चालक बदलणे, साक्ष फिरविणे यांनी मूल वाचत नाही. आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याने द्यावयाची असते, एवढाच धडा ते शिकते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. पुण्यात जी दोन मुले गेली त्यांच्या घरी आज कोणतीही भरपाई ती जागा भरून काढू शकत नाही. त्यांच्या जाण्याचा काही अर्थ आपल्या हातून उरावयाचा असेल, तर तो इतकाच, की आपल्या घरची किल्ली आज रात्री कोठे आहे, हे प्रत्येकाने उठून पाहावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात अठरा वर्षांखालील कोणी वाहन चालवितो काय? त्यास परवानगी कोणी दिली?

२. आठ टक्क्यांची बिअरची एक बाटली किती पेगांइतकी होते? ती शरीरातून जाण्यास किती वेळ लागतो?

३. ताशी ६० किलोमीटर वेगात अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे किती अंतर?

४. कलम १९९-अ प्रमाणे पालकास, वाहनास आणि मुलास कोणकोणते परिणाम भोगावे लागतात?

५. मौसलपर्वातील दवंडी कोणी मोडली? आपल्या घरातील कोणता नियम आपण वडील मंडळी स्वतःच मोडतो?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी वडिलांस विचारावे, आणि वडिलांनी ते रागावल्याशिवाय द्यावे, एवढी आमची नम्र विनंती आहे.